दोन अंडी नि एक काठी

"नवं मशीन ती खूण घेत नाही, सर."

एवढंच वाक्य. बोलायला दोन सेकंदही लागले नाहीत. ते खोटं आहे हे खोलीत फक्त दोघांना माहीत होतं, मला आणि आमच्या मॅनेजर साहेबांना; ज्या सरकारी तपासणीच्या साहेबांना मी ते सांगत होते, त्यांना नाही. तिसरा माणूस दाराशी हातात टोपी घेऊन उभा होता, आणि त्याचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता. त्या तिसऱ्या माणसाबद्दल मला सांगायचं आहे, पण आधी ती खूण कसली ते सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढ्याशा गोष्टीसाठी ही बाई इतकी वर्षं का कुढत बसली आहे.

नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी पालघरची, कॉलेज संपवून कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि त्या काळात त्यामुळे स्वतःला भारी समजणारी. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रंगांसाठी लागणारी रसायनं बनवणाऱ्या एका कंपनीत मला नोकरी लागली. कॉम्प्युटरची खोली म्हणजे काचेचं दार, एक एसी आणि चपला बाहेर काढायची सक्ती. देवघरातसुद्धा आमच्याकडे इतकं सोवळं नव्हतं. बाहेर शेडमध्ये माणसं वासाने डोळे चोळत काम करायची आणि आत मी स्वेटर घालून बसायचे. तेव्हा यात मला काही वावगं वाटायचं नाही, उलट फुशारकीच वाटायची.

माझ्या कामांपैकी एक होतं दर महिन्याची तब्येतीची यादी. पिवळ्या पावडरच्या शेडमध्ये जी माणसं काम करत, त्यांचं रक्त दर महिन्याच्या सुरुवातीला तपासलं जाई. त्या पावडरचा असर रक्तावर होतो. रक्त श्वासातली हवा नीट वाहून नेत नाही, मग डोकं दुखतं, चक्कर येते, ओठ निळे पडतात. किती असर झाला आहे ते टक्क्यांत कळतं. प्रयोगशाळेतून चिठ्ठ्या यायच्या, मी आकडे भरायचे, आणि डेटाबेसमधून यादी काढायचे. एक प्रत डॉक्टरांना, एक गेटजवळच्या बोर्डावर.

डेटाबेसमध्ये त्या कॉलमचं मूळ नाव म्हणजे सगळी आद्याक्षरं एकत्र कोंबलेली होती, वाचणाऱ्याची जीभ वळणार नाही असं. तसंच छापलं तर यादीवर ते ध्यान दिसायचं. मला शिकवणाऱ्या सीनियरनी पहिल्याच आठवड्यात युक्ती दाखवली. क्वेरी, म्हणजे मशीनला यादी मागायचा हुकूम, लिहिताना कॉलमच्या नावापुढे त्याला टोपणनाव द्यायचं, त्याला एलियस म्हणतात. साधं एका शब्दाचं नाव असेल तर तसंच लिहायचं. पण मध्ये जागा सोडायची असेल, टिंब, कंस, टक्क्याची खूण असलं काही घालायचं असेल, तर ते दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचं. मग मशीन गुपचूप जसंच्या तसं छापतं. अवतरण विसरलं की लगेच बोंब मारतं.

मला त्याचं वेडच लागलं. प्रत्येक कॉलमला मी नटवायला लागले. एकदा नावाच्या कॉलमला "नाव & टोकन" असं इंग्रजीत लिहिलं, तर मशीन थांबलं आणि टोकनची किंमत काय म्हणून मलाच विचारायला लागलं. ती & ची खूण म्हणजे त्याच्या लेखी "पुढचा शब्द तूच भर" असा हुकूम, हे मला कुठे ठाऊक! दोनदा तेच विचारलं तशी मी वैतागून इंग्रजी अक्षरांत "गप बस" असं टाइप केलं. ते बिचारं गप बसलं, पण यादीच्या डोक्यावर "नाव गप बस" असं छापून आलं आणि मी न बघता बोर्डावर लावून दिलं. दोन पाळ्यांची माणसं दिवसभर हसत होती.

मला पहिल्यांदा येऊन चिडवणारा माणूस म्हणजेच तो तिसरा. मी त्याला काका म्हणायचे. पंचेचाळिशीचा असेल, मासवणच्या बाजूला डोंगराच्या कडेला त्याची पावसावरची थोडी भातशेती होती. पहाटेच्या एसटीने पालघर, तिथून गाडीने बोईसर. आम्ही पालघरच्या फलाटावर बरोबर उभे असायचो. तो मला "बाय" म्हणायचा.

"काय गो बाय," तो म्हणाला, "आमाला गप बसायला सांगतेस व्हय?"

"अहो काका, ते तुम्हाला नाही, मशीनला सांगितलं."

"मग मशीननं ऐकलं?"

"कुठलं! सगळ्या गावाला दाखवलं त्याने."

तेव्हापासून आमची गट्टी जमली. पावसाळ्यात तो करटोली आणायचा, भाद्रपदात काकडी, कधी रानातली आणखी कुठली भाजी. कागदात बांधून काचेच्या दाराबाहेर, माझ्या चपलांच्या शेजारी ठेवून जायचा. आई घरी म्हणायची, त्या माणसाला आपणही काहीतरी दे गं. मी म्हणायचे, देईन.

आता ती खूण. काकाला अक्षरं येत नव्हती, आकडे मात्र चांगले यायचे, टोकन नंबर तर झोपेतसुद्धा. शेडमधली निम्मी माणसं अशीच होती. त्यांनी यादी वाचायची आपली रीत बसवली होती. आधी आपला टोकन नंबर शोधायचा. मग यादीच्या डोक्यावर टक्क्याची खूण असलेला खाना बघायचा, आणि बोट सरळ खाली आणायचं. त्या खुणेला त्यांनी नाव ठेवलं होतं, दोन अंडी नि एक काठी. "अंड्यांत किती आलं रे तुझं?" असं एकमेकांना विचारायचे.

आणि एवढ्यावर थांबायचे नाहीत. ज्याचा आकडा पाचाच्या वर गेला, त्याला शेडमधून काढून पॅकिंगला पाठवायचं, आणि पॅकिंगमधल्या कमी आकडेवाल्याने त्याच्या जागी यायचं. महिनाभर तिकडे राहिलं की आकडा उतरतो, मग परत. हा नियम कंपनीने केलेला नव्हता. माणसांनी आपसांत ठरवला होता आणि मुकादमही त्याला मान डोलवायचा. कंपनी गूळ द्यायची आणि एक पेला दूध, पण माणसं सांभाळत होती ती एकमेकांना. आज सांगताना मला याचं किती कौतुक वाटतं! तेव्हा मी ते फक्त पाहिलं होतं.

मग त्या वर्षी नवीन मशीन आलं. सीनियर परदेशी गेले आणि खोलीची मालकीण मी झाले, पण अजून प्रोबेशनवर. नोकरीत कायम केल्याचं पत्र यायचं बाकी होतं. आठवड्याभरात मॅनेजर साहेबांनी बोलावलं. माल वेळेवर जात नव्हता. दर महिन्याला यादी लागली की शेडमधली चार जाणती माणसं पॅकिंगला जायची आणि त्यांच्या जागी नवखे यायचे, बॅच बिघडायच्या. साहेबांच्या मते माणसांनी हे थेर चालवलं होतं.

"त्या यादीवरची ती टक्क्याची खूण काढ," साहेब म्हणाले. "नावही काढ. काहीतरी साधं ठेव."

"सर, कॉलमच काढू का?"

"छे! कॉलम काढू नकोस, तपासणीवाले विचारतील. आकडे सगळे राहू देत. फक्त डोक्यावरचं बदल. आणि तो कॉलम शेवटी आहे ना, तो आत कुठेतरी घे."

मी खोलीत आले, क्वेरी उघडली. अवतरणातलं जुनं टोपणनाव पुसलं आणि त्या जागी नुसती # ही खूण ठेवली. कॉलम उचलून टोकन नंबरच्या शेजारी नेला. आता कुणीही पाहिलं तर वाटावं, हा काहीतरी अनुक्रमांक आहे. पाच मिनिटांचं काम. आपण काय करतोय ते मला कळत नव्हतं अशातला भाग नाही. मी स्वतःची समजूत घातली की डॉक्टर आहेत की बघायला. डॉक्टरांसाठी वेगळी क्वेरी करायची, खुणेसकट, नावासकट, असंही ठरवलं. तेही दहा मिनिटांचं काम होतं. उद्या करू म्हटलं. तो उद्या आला नाही हो, मी येऊच दिला नाही. एकाच फाइलमधून दोन्ही प्रती निघत राहिल्या.

बरं, डॉक्टर जुने असते तर त्यांनी विचारलं असतं. ते त्याच सुमारास सोडून गेले आणि पालघरहून नवे यायला लागले, पंधरा दिवसांतून एकदा, घाईत. त्यांनी पेन्सिल घेऊन वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन बघितलं आणि # वरून पेन्सिल सरकली. त्यांना वाटलं, क्रमांक आहे. वाटावं असंच तर मी केलं होतं.

बोर्डावर नवी यादी लागली त्या दिवशी काका काचेच्या दाराशी आला.

"बाय, अंडी कुठे गेली?"

"आता नवीन मशीन आहे, काका. यादी नवी आहे."

"मग माझा आकडा कुठला? ही जाळी हाय ना जाळी, टोकनच्या बाजूला, त्यात माझा चार दिसतोय. ह्योच का त्यो?"

त्याने बरोबर ओळखलं होतं. मागच्या महिन्यात त्याचा आकडा तीन होता, म्हणून चार पाहिल्याबरोबर त्याला संशय आला. अक्षर न येणाऱ्या माणसाने माझी सगळी लपवाछपवी एका नजरेत पकडली. मी त्याच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं.

"नाही काका," मी म्हणाले, "तो कॉम्प्युटरचा नंबर आहे."

"आसं? मग आमचा आकडा?"

"तो डॉक्टर बघतात आता. काही असेल तर ते सांगतील ना."

"बरं झालं मग," तो म्हणाला आणि गेला. चपलांपाशी पुडी होती. शेवग्याच्या शेंगा. मी घरी नेल्या, आईने आमटी केली, मी दोन वाट्या प्यायले. हे मुद्दाम सांगते आहे.

पुढच्या महिन्यात त्याच्या नावापुढे सात आलं. मीच भरलं, माझ्याच बोटांनी. जुनी यादी असती तर त्याच दिवशी माणसांनी त्याला पॅकिंगला ढकललं असतं. मी आकडा भरून पुढच्या ओळीवर गेले. त्याच्या पुढच्या महिन्यात नऊ. फलाटावर तो म्हणाला, "डोकं लय ठणकतं हल्ली, बाय. उन्हाचं असंल." मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवा हो." म्हटलं काय, जबाबदारी ढकलली. त्याने दाखवलं, आणि घाईतल्या डॉक्टरांनी डोकेदुखीच्या गोळ्या दिल्या. मला सगळं माहीत होतं. माहीत असून मी मूग गिळून गप्प बसले, आणि रोज सकाळी त्याच माणसाशी हसून बोलत राहिले. स्वतःची किळस येते म्हणतात ना, ती मला तेव्हा आली नाही, हे जास्त वाईट.

मे महिन्यात, दुपारच्या पाळीत, काका शेडमध्ये पडला. आरडाओरडा ऐकून मी अनवाणीच बाहेर धावले. त्याला उचलून आणत होते. ओठ जांभळे, नखं जांभळी. माझ्यासमोरून नेलं, त्याचे डोळे अर्धे उघडे होते. गाडीत घातलं आणि इस्पितळात नेलं.

तो वाचला. आठ-दहा दिवसांनी घरी गेला. पण चार पावलं चालला की धाप लागायची, शेडमध्ये परत जाणं शक्यच नव्हतं. काका पडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी डॉक्टर कंपनीत आले होते, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "रक्तावरच्या असराचा आकडा या यादीत कुठे असतो?" मी # वर बोट ठेवलं. त्यांनी बोट खाली नेलं. चार, सात, नऊ असे महिन्यांचे कागद उलटले. मग माझ्याकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागद टेबलावर ठेवले आणि हात धुवायला गेले.

आता प्रश्न एकच होता, काकाचं काय होणार. साहेबांचं म्हणणं, माणूस ताडी प्यायचा, त्याने तब्येत बिघडली, कंपनीचा काही संबंध नाही. पावसावरचं भात चार महिने पुरायचं नाही, घरात लग्नाची मुलगी, आणि माणूस नांगर धरण्याच्या लायकीचा उरलेला नाही. काकाला एकच हवं होतं. पॅकिंगमध्ये बसून करायचं काम, लेबलं लावायचं, पिशव्या मोजायचं, निवृत्तीपर्यंत. कामामुळे आजार झाला हे ठरलं तर तसं काम देणं कंपनीला भाग होतं. आणि ते ठरवायला तपासणीचे साहेब येणार होते.

त्या सकाळी काका पालघरच्या फलाटावर बाकावर बसला होता. बायको बरोबर होती, त्याला धरून आणलं होतं. मला बघून उठायला गेला.

"बसा हो काका."

"बाय, आज साहेब इचारतील. मी बोलतो तर ते म्हणतील अडाणी हाय. तू सांग. यादीवर अंडी व्हती, मग गेली, म्हणून आमाला कळलं नाय. एवढंच सांग. तू शिकलेली, तुझं ऐकतील."

"सांगते," मी म्हणाले.

त्याच्या बायकोने नुसता माझा हात धरला.

मी खरंच सांगणार होते. गाडीत बसले तेव्हा वाक्यं जुळवत होते. कंपनीत पोचले तर साहेबांनी बोलावून टेबलावरचा एक लिफाफा दाखवला. माझं कायम झाल्याचं पत्र. सही व्हायची होती. "आज जरा गडबड आहे," ते म्हणाले, "उद्या सही करतो." एवढंच. धमकी नाही, दमदाटी नाही. माझ्यासारखीला धमकीची गरजच पडली नाही.

तपासणीचे साहेब शांत गृहस्थ होते. चष्मा पुसून त्यांनी याद्या चाळल्या. काका दाराशी उभा होता, खुर्ची दिली तरी बसला नव्हता.

"आकडे सगळे आहेत," ते म्हणाले. "पण कॉलमला नाव का नाही? ही जाळीसारखी खूण कशाला?"

मॅनेजर साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे टेक्निकल आहे सर, या सांगतील."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकानेही, आणि त्याच्या चेहऱ्यावर हलकं हसू आलं होतं, आता बाय बोलणार म्हणून. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. अवतरणचिन्ह घातलं की मशीन काहीही छापतं. टक्का, कंस, टिंब, सांगाल ते. मला त्याबाबत कुणी शिकवायची गरज नव्हती, मीच दोन वर्षं ते खेळ केले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नवं मशीन ती खूण घेत नाही, सर."

त्यांनी मान हलवली. कागदावर लिहिलं, तांत्रिक कारण. कॉम्प्युटरबद्दल मुलगी सांगते आहे म्हणजे तसंच असणार. तेव्हा कुणाला काय कळत होतं त्यातलं! पुढचा निकाल त्यातूनच लागला. आकडे बोर्डावर लावलेले होते, लपवलेलं काही नव्हतं, कामगाराने वेळेवर तक्रार केली नाही, शिवाय ताडीची सवय. प्रकृतीच्या कारणाने त्याला कमी करण्यात आलं.

दाराबाहेर काका माझ्या खोलीपाशी थांबला होता. मला वाटलं, आता हा माझ्या तोंडावर थुंकेल.

"मशीन घेतच नाय म्हटल्यावर तू तरी काय करणार, बाय," तो म्हणाला. "तू नको वाईट वाटून घेऊ." मग बायकोच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू गेटकडे गेला. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. दुसऱ्या दिवशी पत्रावर सही झाली. ऑफिसात पेढे वाटले. मीच आणले होते, पालघरहून.

पुढे दीड वर्ष मी तिथे होते. खूण काही मी परत आणली नाही. शेडमधल्या माणसांनी मात्र जाळीचा खाना ओळखला, काका पडल्यावर ओळखणारच. ते परत बोट खाली आणायला लागले, आणि साहेबांनी आता काही म्हटलं नाही. पण यादीपाशी मी गेले की ती माणसं बाजूला व्हायची. कुणी चिडवायला यायचं नाही. माझ्या चपलांपाशी कुणी पुडी ठेवली नाही.

मग मला पालघरलाच दुसरी नोकरी मिळाली. बोईसरचा राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात तपासणीच्या कचेरीला पत्र लिहिलं, सगळं खरं खरं, सहीनिशी. नोकरी सुटल्यावर खरं बोलायला डोंबलाची हिंमत लागते! उत्तर आलं नाही. दोन महिने वाट पाहिली. मग त्या पत्राची नक्कल आणि जुन्या दोन याद्या, एक खुणेची आणि एक जाळीची, पिशवीत घालून मी एका रविवारी मासवणची एसटी पकडली.

पावसाळा संपत आला होता, भात पोटरीला आलं होतं. घर विचारत गेले. काका ओटीवर बसून टोपली विणत होता. ओळखायला त्याला एक क्षण लागला, आणि मग काय आनंद!

"अगो, बाय आली! पाणी आण गो." बायको पाणी घेऊन आली. "बस, बस. जाताना करटोली घेऊन जा, शेवटची हायेत, मागं वेलावर लागलीत."

पाणी मी तसंच खाली ठेवलं. मी दोन्ही याद्या काढल्या, ओटीवर पसरल्या. म्हटलं, आत्ता बोलले नाही तर चहा पिऊन, करटोली घेऊन परत जाईन मी, मला मी ओळखते.

"काका, मी खोटं बोलले त्या दिवशी. ही खूण मशीन घेत होतं. आधीही आणि नंतरही. साहेबांनी काढायला सांगितली आणि मी काढली. तुम्ही विचारलंत तेव्हा त्या जाळीत तुमचाच आकडा होता. तुम्ही बरोबर ओळखला होतात."

तो याद्यांवर वाकला. मग त्याने पहिल्या यादीवर टक्क्याच्या खुणेवर बोट ठेवलं आणि सवयीने खाली आणलं, आपल्या टोकनपर्यंत. मग दुसरीवर, जाळीपासून खाली.

"म्हंजे मशीन घेत व्हतं?" त्याने विचारलं.

"हो."

"मग तवा का नाय बोललीस?" हे त्याची बायको म्हणाली. मोठ्याने नाही. "मी हात धरला व्हता तुझा."

पत्राचं सांगितलं, कायम व्हायचं होतं ते सांगितलं, आणि सांगता सांगताच ते किती हलकं आहे ते मला ऐकू येत होतं. काकाच्या हातात टोपलीची कामठी, बांबूची पट्टी, तशीच होती. धाप लागल्यासारखा श्वास घेत होता, पण ती धाप आता त्याला बसल्याजागीही लागायची.

"मी घरात सगळ्याना सांगितलं," तो शेवटी म्हणाला, "त्यात कोनाचा दोष नाय. मशीनचा दोष." मग माझ्याकडे बघून, "मी इचारलं व्हतं तुला, बाय. दाराशी येऊन इचारलं व्हतं."

"विचारलं होतं, काका."

चहा आला तो मी प्यायले. याद्या आणि पत्राची नक्कल ओटीवर ठेवली. कुणी हात लावला नाही. मी उठले तेव्हा काकाने मान हलवली आणि पुन्हा कामठी विणायला घेतली. बायको आत होती. मागच्या कुंपणावरचा करटोलीचा वेल मला रस्त्यापर्यंत दिसत होता, पण त्याचं कुणी नाव काढलं नाही.